ना रे भाई

आत्या खोटं बोलली होती, हे मला पाचव्या दिवशी वासावरून कळलं.

सकाळी दिवा लावायला गेले, तर उदबत्तीच्या वासाखाली दुसराच एक वास दबून बसलेला. ओळखीचा, पण या घरात कधी न आलेला. आधी वाटलं, उंदीर. बडोद्याच्या दांडिया बाजारातली आमची घरं एकाला एक चिकटलेली, वर लाकडी माळे, आणि शेजारचा उंदीर मरायला हटकून आमच्याकडे येतो. देव्हाऱ्याच्या मागे हात घालून पाहिलं, खालचा कप्पा उपसला. वातींचा डबा, तेलाची बाटली, गेल्या सालचं पंचांग, कापराची पुडी. वास खालून नव्हताच. वरून, थेट देवांच्या रांगेतून येत होता. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, खंडोबाचा टाक, आणि त्यांच्या शेजारी छोट्या ताम्हनात तांदळावर बसवलेला एक करडा, खडबडीत शंख, लिंबाएवढा. हा आमच्या देवांतला नव्हे. उचलला तसा त्यातून काळसर पाण्याचा थेंब तांदळावर पडला. तोंडाशी, आतल्या पहिल्याच वळणावर, चार-पाच पाय बाहेर लोंबत होते. काडेपेटीच्या काडीएवढे, पट्ट्यापट्ट्यांचे, बारीक केसांचे.

मी आत्याला हाक मारली. ती हिंचक्यावर बसून मेथी निवडत होती.

"रिकामा होता गं तो," ती तिथूनच म्हणाली. मी अजून काही विचारलंही नव्हतं.

त्यानंतर दिवसभर माझ्या डोळ्यांपुढे जामनगरकडच्या नराऱ्याच्या किनाऱ्यावरची ती चौकी. परतताना वनखात्याचा माणूस प्रत्येकाची पिशवी बघत होता. बाहेरच मोठा फलक: शंख, शिंपले, प्रवाळ, दगड, काही नेऊ नये. माझ्या पिशवीत पाण्याची बाटली, ओला टॉवेल आणि चिखलाने जड झालेले बूट निघाले. मग तो आत्याकडे वळला आणि जरा ओशाळूनच म्हणाला, "बा, थेलीमां कंई नथी ने?" चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, पांढराशुभ्र अंबाडा, हातात काठी. आत्याने त्याच्याकडे बघून हसत सांगितलं, "ना रे भाई." तेही त्या ओखामंडळी हेलात, जो तिच्या तोंडून मी फार कमी वेळा ऐकला आहे. त्या माणसाने हात जोडले. मला तर त्या क्षणी अभिमान वाटला होता. टॅक्सीत बसल्यावर मी म्हणालेसुद्धा, "आत्या, तुझं गुजराती अजून काय गोड आहे." ती खिडकीबाहेर बघत होती. पर्स तिने दोन्ही हातांनी मांडीवर धरली होती. पर्स ती नेहमी तशीच धरते, म्हणून मला काही वाटलं नाही.

आत्याचा जन्म १९४१ चा, ओख्याचा. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना हे दर वेळी नव्याने समजावून सांगावं लागतं, की बडोद्याला समुद्र नाही हे खरं, पण बडोदे संस्थानाला होता. द्वारका, बेट द्वारका, ओखा हा सगळा ओखामंडळ गायकवाडांचा. मुख्य मुलखापासून तुटून पार काठेवाडच्या नाकावर जाऊन बसलेला. १९२६ साली सयाजीरावांच्या सरकारने ओख्याला बंदर उघडलं, आणि पुढे कधीतरी त्या बंदराच्या कचेरीत हिशोब लिहायला आमचे आजोबा गेले. दांडिया बाजारातला मराठी कारकून, डोक्याला पगडी, समोर तिथले खारवे आणि वाघेर लोक. आजी म्हणे पहिले सहा महिने रडत होती, कारण पाणी खारं आणि भाजी नाही. आत्या मात्र तिथे आठ वर्षं वाढली. १९४९ मध्ये संस्थान विलीन झालं, बदल्या झाल्या, आणि बिऱ्हाड परत बडोद्याला आलं. सामानात दोन गोष्टी समुद्राच्या होत्या. एक, बापूंनी (आत्या आपल्या वडिलांना बापू म्हणायची) वाळूतून उचललेला प्रवाळाचा पांढरा तुकडा, फांद्याफांद्यांचा, हरणाच्या शिंगासारखा. दुसरी म्हणजे भरतीचा हिशोब.

तो हिशोब आमच्या घरात सगळ्यांना येतो. पाढे यावेत तसा. समुद्रापासून इतक्या लांब राहणाऱ्या माणसांना त्याचा उपयोग काय, हे कुणी विचारलं नाही. तिथीची पाऊणपट करायची, आली ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती, बाराच्या सुमारास ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे पाण्याचा चढ-उतार सगळ्यात कमी. लहानपणी सूरसागरच्या पाळीवर बसून आम्ही हे हिशोब करायचो, आणि समोरचं तळ्याचं पाणी तिथीची पर्वा न करता तसंच पडून असायचं.

गेल्या दिवाळीनंतर आत्या अचानक म्हणाली, "मला एकदा ओहोटीत चालायचंय." द्वारका झाली होती, बेट झालं होतं, नवा पूल झाल्यावर भाच्याने तिला गाडीतून थेट बेटावर नेऊन आणलं होतं, आणि ती परत येऊन इतकंच म्हणाली होती की होडीशिवाय बेट म्हणजे काय बेट. तिला दर्शन नको होतं. ओसरलेल्या पाण्यातून, दगडांच्या डबक्यांमधून बापूंच्या मागे चालायची तसं चालायचं होतं. मी चौकशी केली. ओख्यापासून जोडियापर्यंतचा तो सगळा खडकाळ किनारा आणि ४२ बेटं म्हणजे आता सागरी राष्ट्रीय उद्यान, देशातलं पहिलं, १९८२ पासून. पिरोटन बेटाला होडी आणि परवानग्या लागतात. आत्याच्या गुडघ्यांना दोन्ही झेपणार नव्हतं. राहिला नरारा. जामनगरपासून साठेक किलोमीटर, किनाऱ्यावरून थेट पायी आत शिरता येतं, फक्त वेळ समुद्र ठरवणार. आम्ही कृष्ण तृतीया निवडली. आत्याने बोटं मोजली: तीनाची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे सकाळी सव्वाआठला पुरी ओहोटी. फोनवर गाइडने साडेनऊ सांगितले. आत्याला ते अजिबात पटलं नाही. खाडीत पाणी आत शिरायला वेळ लागतो, ओख्याला पाणी चढलं तरी आतल्या किनाऱ्यावर ते मागाहून पोचतं, हे मी नंतर समजावलं. पण तिच्या चेहऱ्यावर बापूंवर कुणी आक्षेप घेतल्यासारखा भाव होता.

जामनगरहून नराऱ्याचा रस्ता सुंदर आहे असं मी म्हणणार नाही. दोन्ही बाजूंना गांडा बावळ, म्हणजे वेडी बाभूळ, मग तेलाच्या टाक्या, मग पुन्हा बावळ, आणि क्षितिजावर शुद्धीकरण कारखान्यांच्या ज्योती, दिवसाढवळ्या जळणाऱ्या. अभयारण्याच्या इतक्या जवळ हे सगळं असेल असं वाटलं नव्हतं. टॅक्सीवाला मात्र मोठ्या कौतुकाने दाखवत होता, कारण त्याचे दोन्ही मुलगे तिथेच कामाला. किनाऱ्यावर उतरल्यावरही लांब पाण्यात एक टँकर उभा दिसत होता. मधे तिवरांचा पट्टा. तिकडे त्याला चेर म्हणतात. चिखलातून वर आलेली त्यांची श्वासमुळं, कुणी शिसपेन्सिली उलट्या रोवून ठेवल्यागत. आणि त्यापुढे समुद्र नव्हताच. होता तो समुद्राचा तळ. करडा, चकाकता, दगडांनी भरलेला, दृष्टी पोचेल तिथपर्यंत उघडा पडलेला.

आत्या काठी टेकत पन्नास-साठ पावलं आली. तिथे एका सपाट दगडापाशी गाइडने तिच्यासाठी प्लॅस्टिकचं स्टूल मांडलं. "हवे बस, बा," तो म्हणाला. आत्याने चपला काढल्या, पाय एका उथळ डबक्यात सोडले आणि मला म्हणाली, "जा तू. मी आहे इथे." मी दोन तासांनी परत आले तेव्हा ती तशीच बसलेली होती. त्या दोन तासांबद्दल तिने मला त्या दिवशी काहीच सांगितलं नाही.

माझे दोन तास मात्र मी येऊन सगळ्यांना सांगितले, अजूनही सांगते. पायाखाली काय आहे हे बघत चालायचं, कारण बुटाखाली जे येतं ते बहुतेक वेळा जिवंत असतं. गाइड तिशीचा, जवळच्या गावातला. हातात वेताची काठी, पण तिने तो काही ढोसत नव्हता, फक्त दाखवत होता. पहिला अर्धा तास मला काहीच दिसलं नाही. दगड, शेवाळ, गाळ. मग डोळे बसले. गाळ म्हणून जे सोडून दिलं होतं ती काळपट समुद्रकाकडी होती. दगडावरचा हिरवट लिबलिबीत थर म्हणजे हजारो बारीक तोंडं, एकाला एक लागून, ओहोटीपुरती मिटलेली. एका डबक्यात समुद्रफूल उमललेलं होतं. मी करंगळी पुढे केली तर त्याच्या तंतूंनी ती हलकेच धरली, ओढली. चिकटपट्टी बोटावरून सोडवताना लागतं तेवढंच. मी हात मागे घेतला आणि उगाचच कपड्यांना पुसला.

प्रवाळ म्हणजे निळं काचेसारखं पाणी आणि रंगीत मासे, ही आपली टीव्हीवरची समजूत. कच्छच्या आखातातलं पाणी दूध कमी पडलेल्या चहाच्या रंगाचं. गाळ इतका की गुडघाभर पाण्यात पाऊल दिसत नाही. भरती-ओहोटीत पाणी कित्येक मीटर वर-खाली होतं. आत कांडल्याकडे तर उधाणाला सहा मीटरच्या वर. उन्हाळ्यात ऊन, हिवाळ्यात गारठा, आणि रोज दोनदा काही तास उघड्यावर. इथे टिकलेलं प्रवाळ म्हणूनच दिसायला रुबाबदार नाही. गोळ्याच्या गोळा, मेंदूसारख्या वळ्यांचा, मातकट तपकिरी, अंगावर स्वतःच्याच बुळबुळीत स्रावाचं पांघरूण घेऊन ऊन काढणारा. मी फोनवर गाइडला आजोबांच्या तुकड्याचा फोटो दाखवला. त्याने तो दोन बोटांनी मोठा केला आणि मान हलवली. हे फांद्यांचं प्रवाळ आखातातून गेलं, म्हणाला. आता मेलेले तुकडे तेवढे वाळूत सापडतात. पूर्वी या आखातातली प्रवाळाची वाळू सिमेंटसाठी उपसत असत, हे मी वाचलं होतं, त्याला त्याच्या वडिलांकडून माहीत होतं. आजोबांनी उचलला तेव्हा तो तुकडा नुकता मेलेला होता की शंभर वर्षांपूर्वी, कोण सांगणार? आमच्या घरात त्याखाली लाइटची बिलं ठेवतात.

ऑक्टोपस गाइडने दाखवला तेव्हाही मला आधी दगडच दिसत होता. मग दगडाने डोळा उघडला. आडवी, सोनेरी कडेची फट. आम्ही वाकलो तशी त्याच्या कातडीवर एक सावली धावली, करड्यातून विटकरी, विटकरीतून पुन्हा करडी, आणि गुळगुळीत अंगावर शेवाळासारखे टोकेरी उंचवटे उभे राहिले. कुठलाही आवाज नाही. माझ्या मनात आलं, हा माझ्याकडे बघतोय. मग एकेक पाय आखडून घेत, अगदी घाई न करता, तो माझ्या मनगटाहून अरुंद अशा कपारीत ओतला गेला. शेवटचं टोक आत जाताना त्याने मागे एक चपटा दगड ओढून घेतला. दार लावून घ्यावं तसं.

इथपर्यंत सगळं छान होतं. परतीच्या वाटेवर गाइडने एका डबक्यातून ओंजळीत मासा उचलला. केंड. पोट पांढरं, पाठ ठिपक्यांची, गोल गोल बावळे डोळे. पाण्याबाहेर येताच तो फुगू लागला. पोटावरचे बारीक काटे उभे राहिले, तोंडातून करकर असा दात घासल्याचा आवाज. "बेन, फोटो?" त्याने विचारलं. म्हणजे हे नेहमीचं होतं. मासा भ्याला की फुगतो, हे मला माहीत होतं. पाण्याऐवजी हवा भरली गेली तर ती बाहेर टाकताना त्याचे हाल होतात, हेही कुठेतरी वाचलेलं होतं. मी म्हणाले, "नको, सोडा त्याला." आणि हे म्हणता म्हणता माझी ओंजळ पुढे झालेली होती. तो माझ्या हातात आला. ओल्या रबरी हातमोज्यासारखा, वजनाने काहीच नाही, आणि आत कुठेतरी फार वेगाने धडधडणारं काहीतरी. गाइडने माझ्याच फोनवर तीन फोटो काढले. मग आम्ही त्याला पाण्यात सोडलं. तो पोट वर करून थोडा वेळ तरंगला, एकदा हेलपाटला, फुस्स करून सरळ झाला आणि दगडाखाली गेला. मी सुटकेचा श्वास टाकला आणि फोटो बघितले. पहिल्यात माझे डोळे मिटलेले आले होते म्हणून तो काढून टाकला.

पाणी परतायला लागलं की त्याचा आवाज नसतो. डबकी एकमेकांना मिळायला लागतात, इतकंच. गाइडने घड्याळ न बघता सांगितलं, "चालो, बेन." आम्ही आत्यापाशी पोचलो तेव्हा तिच्या स्टुलाचे पाय बोटभर पाण्यात होते. "आलं बघ," ती म्हणाली, कुणीतरी यायचं ठरलेलं माणूस वेळेवर आल्यासारखं.

घरी आल्यावर दोन दिवस फोटो दाखवण्यात गेले. तिसऱ्या दिवशी शेजारचा मुलगा, जो महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकतो, त्याने मला एक गोष्ट सांगितली जी मला माहीत असायला हवी होती. बडोदे सरकारने त्या काळी जेम्स हॉर्नेल नावाच्या सागरी प्राणिशास्त्रज्ञाला ओखामंडळच्या समुद्राची पाहणी करायला बोलावलं होतं. त्याच्या अहवालाचा पहिला भाग १९०९ मध्ये छापला गेला, दुसरा १९१६ मध्ये. मोत्यांचे शिंपले किती, शंख किती, राज्याला त्यातून काय मिळेल. सयाजीराव काही उगाच पैसे घालणारे राजे नव्हते. शाळा काढली तरी ती चालते का हे बघणारे. पण त्या निमित्ताने तिथल्या किडामुंगीची, स्पंजांची, खेकड्यांची मोजदाद झाली. ज्या समुद्राच्या काठावर पुढे माझे आजोबा हिशोब लिहीत बसले, त्या समुद्राचाही हिशोब आधीच बडोद्याने करून ठेवला होता. मला हे ऐकून आनंद झाला. 'आपला' समुद्र, असं मी मुलाला बोलूनही गेले.

आणि बडोद्याच्या पोरांना समुद्राची पहिली ओळख कुठे होते? कमाटीबागेतल्या म्युझियमात. तिथे निळ्या देवमाशाचा ७२ फुटी सांगाडा आहे. १९४४ साली भरतीच्या पाण्याबरोबर महीच्या मुखाशी येऊन अडकलेला. आत्या सांगते, तो बडोद्याला आणला तेव्हा त्याची बातमी ओख्यापर्यंत पोचली होती, आणि बापू म्हणाले होते, "बघा, आपण समुद्राकडे आलो आणि समुद्र आपल्या घरी गेला." लहानपणी मी त्या फासळ्यांखालून चालताना मान वर करून बघायची. एक पायरी उतरलं की सावलीसारखा गारवा आणि जुन्या लाकडाचा, औषधांचा वास. तो मासा इथे का आहे, याचा विचार कधी शिवला नाही. तो आमचाच होता.

तर पाचव्या दिवशी, मेथी बाजूला ठेवून, आत्या स्वयंपाकघरात आली. मी ताम्हन ओट्यावर ठेवलं होतं आणि खिडकी उघडली होती.

"मी तीनदा आत बघितलं होतं," ती म्हणाली. "अंधार होता नुसता."

मी तिला सांगितलं की हा शंखात राहणारा खेकडा, तो आत मुरून बसतो. शंख त्याचा स्वतःचा नसतोच. गोगलगाय मेली की तिचं घर हा घेतो, कारण याचं मागचं अंग मऊ, वेटोळं, उघडं पडलं तर कुणीही खाईल. वाढला की जुनं घर सोडून मोठं शोधतो. चांगला शंख रिकामा मिळाला तर म्हणे आसपासचे लहानमोठे सगळे जमतात; मोठा त्यात शिरतो, त्याचं घर पुढच्याला, पुढच्याचं त्याच्या मागच्याला. चाळीत खोल्या बदलाव्या तसं. आत्या ऐकत होती. मी जरा चढ्या आवाजात बोलत असावे, कारण १९७२ च्या वन्यजीव कायद्यापर्यंत मी पोचले होते आणि २००१ पासून प्रवाळांना, समुद्रकाकड्यांना, कितीतरी शंख-शिंपल्यांना त्यात कसं घातलं आहे हेही सांगत होते. चौकीवरच्या त्या माणसाने हात जोडले होते, आत्या.

"तुझ्या हातात तो मासा फुगला होता," आत्या म्हणाली, "तेव्हा तू हसत होतीस. फोटोत."

मी ताम्हनातले तांदूळ कचऱ्यात टाकले.

थोड्या वेळाने ती आपणहून बोलली, ओट्याला टेकून, माझ्याकडे न बघता. ओख्याला बापू ओहोटीला तिला घेऊन जायचे आणि येताना प्रत्येक वेळी तिच्या फ्रॉकच्या खिशात एकच गोष्ट टाकायचे. एकच, जास्त नाही. शिंपली, गुळगुळीत दगड, कधी शंख. बिऱ्हाड हललं तेव्हा आजीने तो सगळा डबा ओख्यालाच कुणा खारव्याच्या मुलीला देऊन टाकला, सामान जास्त होतं म्हणून. प्रवाळाचा तुकडा राहिला तो बापूंच्या टेबलावर होता म्हणून. "मी पाण्यात पाय सोडून बसले होते," आत्या म्हणाली. "हा पायाला लागला. मी म्हटलं, हा आजचा." मग थांबून, अगदी हळू, "परवा सकाळी तो ताम्हनाच्या बाहेर पडलेला होता. तांदूळ सांडलेले. मला वाटलं मांजर आली. मी परत जागेवर ठेवला. काल पण."

दोनदा.

मला त्यावर काही बोलता आलं नाही. रात्री दिवा मालवल्यावर, बाळकृष्णाच्या पायाशी, कोरड्या तांदळावरून पाणी शोधत निघालेला तो, आणि सकाळी आंघोळ करून सोवळ्याने त्याला उचलून परत जागेवर बसवणारी, हळद-कुंकू वाहणारी ही. अजूनही भांडी घासताना मधेच ते चित्र येतं. शंखावर एक पुसट पिवळा डाग खरोखरच होता.

त्याला बाहेर काढण्याचं काम आत्यानेच केलं. केसातला आकडा सरळ केला, नळाखाली शंख तिरका धरला आणि हळूहळू फिरवत, शेवयाच्या यंत्रातून शेवई निघावी तसं ते मऊ, फिकट नारिंगी वेटोळं अख्खं बाहेर आलं. माझ्या अंगठ्याएवढंही नाही. मी म्हटलं, तुळशीत ठेवू. आत्या म्हणाली, "नको, खारट आहे, तुळस जळेल." शेवटी गच्चीतल्या कर्दळीच्या कुंडीत. आत्याने वर थोडं मीठ टाकलं. कर्दळीचं काय होईल, हे तिला विचारायचं मी टाळलं.

माझी एक वेडी कल्पना होती, की शंख घेऊन कंबोईला जावं. स्तंभेश्वराचं देऊळ भरतीत बुडतं ते बघायला बडोद्याचे लोक जातातच; पाऊणशे किलोमीटरवर समुद्र. भाऊ म्हणाला, तो खंभातचा समुद्र, नुसता चिखल, तिथे या शंखाचं काय काम. बरोबरच होतं. विश्वामित्रीत टाकायचा विचार तर कुणी बोलूनही दाखवला नाही. तिथे मगरी आहेत, आणि बाकी जे आहे ते आम्हा बडोदेकरांना ठाऊक आहे.

शंख आता खिडकीत आहे, प्रवाळाच्या तुकड्याशेजारी. आत्याने तो चार वेळा उकळून घेतला, दोन दिवस उन्हात ठेवला. वास गेला, देवघरात मात्र मला तो अजून येतो, निदान येतो असं वाटतं. मधल्या काळात मी त्या माशाचे उरलेले दोन फोटो काढून टाकायला गेले आणि टाकले नाहीत. नणंदेला पाठवलेले होतेच.

काल संध्याकाळी आत्या हिंचक्यावर बोटं मोजत बसली होती. मला वाटलं जप चाललाय. "माघातली पौर्णिमा," ती म्हणाली, "पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे ओहोटी सव्वापाचला. आणि तुझा तो गाइड म्हणतो तसं तास-सव्वा तास पुढे. साडेसहा. उजाडताना." मग तिने मला खिडकीतला शंख आणायला सांगितला, जुन्या मलमलच्या तुकड्यात गुंडाळला, आणि पर्समध्ये, आतल्या चेनच्या कप्प्यात, औषधांच्या शेजारी ठेवला. तुझ्याच्याने एवढं जमेल का, गुडघे बघ, थंडी बघ, हे सगळं मी म्हणून झालं. शेवटी मी म्हटलं, "आणि चौकीवर त्यांनी विचारलं, थेलीत काय आहे, तर?"

आत्याने पर्सची चेन लावली.

"आत जाताना कुठे विचारतात?"